हद्दीचा चढ

सातारा जिल्हा संपून सांगली लागते, तिथं पुसेसावळीहून कडेगावला जाणाऱ्या रस्त्यावर एक चढ आहे. म्हणण्यासारखा मोठा नाही. नव्या गाड्या तिथं गिअरसुद्धा बदलत नाहीत. पण अर्जुनाचा जुना ट्रक त्या चढाला लागला, की आधी आचके द्यायचा, मग दोनदा खोकायचा आणि गप्प व्हायचा. बराच वेळ उन्हात उभा राहायचा आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात सुरू व्हायचा. पुढं सपाटीला कुरकुरत का होईना, आष्टा गाठायचा.

आणि हाच तो चढ, जिथं गेल्या चैत्रात अर्जुनाचा बाप बिराप्पा गेला.

लोकांना एवढं पुरे होतं. 'बिराप्पा गाडी सोडत न्हाई,' असं वाडीत बोललं जाऊ लागलं. कुणी नारळ फोडायला सांगितलं, कुणी गाडी भंगारात घालायला. गिऱ्हाईक एकेक करून मागं सरलं, कारण ज्याची मेंढरं उन्हात अडकून जिभा काढतात त्याला बिराप्पाच्या मायेचं काय कौतुक? अर्जुनानं नारळ फोडले, पण गाडी विकली नाही. पोट तिच्यावर होतं हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. गाडी कशानं बंद पडते हे त्याला कळायला हवं होतं. ते कळल्याशिवाय आपला बाप कशानं गेला, हे त्याला कळणार नव्हतं.

वाडी औंधच्या उगवतीला, माळावर. धनगरांची पंधरावीस घरं. बिराप्पाच्या बापानं मेंढरांमागं पायी मुलूख पालथा घातला. बिराप्पाला चालायचा कंटाळा, म्हणून त्यानं ट्रक घेतला आणि दुसऱ्यांचे कळप वाहायला लागला. आष्ट्याकडं ऊस तुटला की शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, खतासाठी. पूर्वी कळप आठ-आठ दिवस चालत जायचे, आता सकाळी चढतात आणि दुपारी उसाच्या रानात उतरतात. बापलेक दोघं मिळून हा धंदा करत. बाप गाडी चालवायचा आणि लेक गाडीचं आजारपण बघायचा.

गेल्या वर्षी होळीनंतर गाडी चढाला दम खाऊ लागली. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाकडं ढकलणारा एक छोटा पंप असतो, फीड पंप. तो थकला असणार, असं अर्जुनानं ठरवलं. नवा घ्यायचा सोडून त्यानं सांगलीत एका मोडक्या गाडीचा जुना पंप काढून आणला. "चालतंय की," म्हणाला आणि बसवला. पुढच्याच फेरीला गाडी त्या चढावर साफ बंद पडली. डोक्यावर चैत्राचं ऊन, मागं मेंढरांचा कालवा. बिराप्पा खाली उतरला. पंपाच्या डोक्यावर हातानं मारायचा एक दट्ट्या असतो. तो मारून, नळीतली हवा काढत, डिझेल वर ओढायला लागला.

"अर्जुना, लय जड येतंय रं," तो म्हणाला. "तू जा, मेंढरांस्नी पाणी बघ. मी काढतो एअर."

अर्जुना शेजारच्या मळ्यातून कॅन भरून आला, तर बाप पुढच्या चाकाला टेकून बसलेला होता. हात काळे, घामानं सदरा चिंब, डोळे उघडे. बोलला नाही, तो नाहीच.

दिवसकार्याला सगळे भाऊबंद जमले होते. त्यांच्या देखत आई, बयाबाई, लेकाला म्हणाली, "जुना पंप घातलास आन माजा मानूस घालवलास."

अर्जुनानं त्यावर एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. तोंड उघडायच्या ऐवजी त्यानं बॉनेट उघडलं आणि वर्षभर मिटलं नाही. पंप नवा घातला. फिल्टर बदलले. नळ्या बदलल्या. नोझल सांगलीला पाठवून तपासून आणली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! एक मिस्त्री म्हणाला, "त्या जुन्या पंपाचा भुगा पुढं गेला असंल, त्योच आडवा येतोय." हे वाक्य अर्जुनाच्या काळजात जाऊन बसलं. म्हणजे पंप काढून फेकला तरी त्याचं पाप गाडीच्या अंगात फिरतच होतं. रात्री अंथरुणावर त्याला ते 'लय जड येतंय रं' ऐकू यायचं आणि हा गडी तीस वर्षांचा असून पोरासारखा कुशी बदलत पडायचा.

घरात बयाबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. भाकरी सुनेच्या, अपेक्षाच्या, हातून पुढं यायची. एक नेम मात्र तिनं चुकवला नाही. गाडी निघायच्या आधी भंडारा लावायचा, ही त्या घरची रीत. बिराप्पा धडधाकट होता तोवर बंपरवर चढून काचेला लावायचा, आणि बयाबाई नवऱ्याच्या आणि लेकाच्या कपाळाला. बिराप्पा जायच्या आधीच्या दसऱ्याला त्याचा गुडघा धरला. "मला न्हाई चढवत, आता तूच लाव गं," म्हणाला. ती बुटकी, काच तिच्या हाताला यायची नाही. डिझेलची टाकी यायची. तेव्हापासून ती टाकीच्या झाकणावर अंगठ्यानं भंडारा दाबायची. नवरा गेला आणि लेकाच्या कपाळाचा भंडारा बंद झाला. टाकीचा तेवढा राहिला. गाडीला लावायचा, चालवणाऱ्याला नाही. त्या बाईचा रागसुद्धा देवाच्या वाटेनं चालायचा.

फाल्गुनात आष्ट्याला एक खेप उतरवली, तेव्हा अर्जुनाला कुणीतरी सयाजीचं नाव सांगितलं. सयाजी फौजेत गाड्या दुरुस्त करून आलेला. आष्ट्यात त्याचं उसाचं रान होतं आणि रानाच्या तोंडाला पत्र्याचं गॅरेज. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तो तिथं कुणी का असेना. मेजरनं सगळं ऐकून घेतलं आणि बॉनेटला हातही लावला नाही.

"आज न्हाई बघत," तो म्हणाला. "उभ्या गाडीला काय इचारायचं? ती बंद पडती तवा मी तितं पायजे. पुढची खेप कवा?"

"शुक्रवारी. पर मेजर, तुमी तिकडनं येनार?"

"यष्टीनं येतो मुक्कामाला. पर एक ध्यानात ठेव. रोज जे करता तेच करायचं. मी आलोय म्हनून वाकडंतिकडं काय करू नगा."

बोलल्यासारखा तो आला. सकाळी वाडीत मेंढरं चढत होती, तेव्हा मेजर लिंबाखाली चहाचा कप घेऊन नुसता बघत उभा होता. अर्जुनानं पाणी बघितलं, ऑइल बघितलं. टाकी आदल्या संध्याकाळीच औंधला गच्च भरलेली होती. मग बयाबाई वाटी घेऊन आली. तिनं टाकीच्या झाकणावर चिमूटभर भंडारा ठेवला, अंगठ्यानं दाबला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि लेकाकडं न बघता परत गेली. मेजरनं चहा संपवला, कप ओट्यावर ठेवला आणि केबिनमध्ये चढून बसला.

वाटेत तो फारसा बोलला नाही. एकदाच म्हणाला, "परत येताना न्हाई का बंद पडत?"

"पडती की कवाकवा. पर ती कुठंबी. रिकामी असती, दम खाऊन जाती तशीच."

"ती कुनी मोजली न्हाई म्हन की," मेजर म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

पुसेसावळी मागं पडली. चढ लागला. बाभळीच्या ओळीपाशी पहिला आचका बसला, मग दुसरा. इंजिन खोकलं. मोरीच्या अलीकडं गाडी गप्प झाली. मागं मेंढरं एकदम ओरडायला लागली. अर्जुना सवयीनं खाली उतरला, बॉनेटकडं गेला आणि दट्ट्यावर हात ठेवला.

"मार दोनदा," मेजर मागून म्हणाला. "कसा येतोय?"

"जड," अर्जुना म्हणाला. "लय जड येतोय, मेजर. कुनीतरी मागनं धरून ठेवल्यागत."

"आता हात काढ. आन हिकडं ये, माज्याजवळ."

मेजर टाकीपाशी उभा होता. त्यानं झाकणावर पंजा ठेवला आणि हळूच पिळला. झाकण जरा सैल झालं आणि टाकीतून 'सूंऽऽ' असा लांब आवाज आला. आत हवा शिरत होती. तहानलेलं जनावर पाणी ओढतं तशी टाकी हवा ओढत होती. आवाज हळूहळू थांबला.

"आता दट्ट्या मार."

अर्जुनानं मारला. हात लोण्यात गेल्यासारखा खाली गेला. चारदोनदा मारल्यावर डिझेल वर आलं. तो केबिनमध्ये चढला, चावी फिरवली. पहिल्याच फटक्याला इंजिन लागलं.

तो तसाच बसून राहिला. वर्षभर ज्याच्यामागं धावला ते दोन मिनिटांत समोर आलं होतं, आणि काय आलं हेच त्याला उमगत नव्हतं. मेजरनं झाकण काढून खिडकीशी आणलं.

"तेलाचा डबा फोडतोस का न्हाई? एकच भोक पाडलं की तेल गुटगुट करून थांबतं. दुसरं पाडलं की धार लागती. कारन हवा आत गेल्याबिगर तेल भाईर येत न्हाई. टाकीचंबी तसंच. ह्या झाकनाला बारीक भोक आस्तंय हवेसाठी. तुजं बुजलंय. इंजिन डिझेल ओढतंय, टाकीत हवा न्हाई, आन मग टाकी डिझेल सोडंना झाली. टाकी तितंच भरता, माल तेवढाच, चढ ह्योच. मग गाडी दुसरीकडं कशाला बंद पडंल? थोडा येळ गेला की हवा कुठनंतरी झिरपती, आन गाडी चालू."

"म्हंजी पंप?"

"पंपाचा काय संबंध? जुना असू दे न्हाईतर नवा. टाकीच डिझेल सोडंना, तर पंप काय करील?"

"त्येचा भुगा?"

"भुगाबिगा काय न्हाई."

अर्जुना हसला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही. पंप नव्हता. म्हणजे मी नव्हतो! वर्षभराचं ओझं एकदम खाली पडलं आणि अंग इतकं हलकं झालं, की उतरून गाडीभोवती पळावंसं वाटलं. घरी जाऊन आईपुढं उभं राहायचं आणि सांगायचं, 'आये, मी आबाला मारलं न्हाई.' हे वाक्य त्यानं मनात किती वेळा घोटलं होतं. आता ते खरं झालं होतं.

मेजर मात्र हसत नव्हता. त्यानं खिशातून बारीक तार काढली आणि झाकणावरचा पिवळा थर नखानं खरवडायला लागला. भंडारा आणि वर हिंदकळलेलं डिझेल मिळून त्याचा खिडकीच्या काचेला लांबी लावावी तसा कडक थर झाला होता. इतके मिस्त्री झाले, सगळ्यांनी झाकण उघडलं होतं, पण फडक्यात धरून, अदबीनं, वरचा भंडारा न दुखवता. देवाच्या गोष्टीला नख कोण लावणार? झाकण उघडलं की हवा आत जायची, गाडी चालायची, आणि मिस्त्री आपल्या हाताचा गुण म्हणून मिशीला पीळ द्यायचा. थर निघाला आणि खाली टाचणी जाईल एवढं भोक दिसलं, पिवळ्यानं भरलेलं.

"आई कवापासनं लावती ह्यावर?" मेजरनं खाली बघतच विचारलं.

"आदल्या दसऱ्यापासनं."

"म्हंजी आबा असताना."

"व्हय," अर्जुना म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं.

होळीनंतर गाडी दम खाऊ लागली, तेव्हा भंडारा सहा महिने चढत होता. त्या दिवशी आबा बुजलेल्या टाकीशी झुंजत होते. ती जड ओढ जुन्या पंपाची नव्हती. आईनं अंगठ्यानं दाबून बंद केलेल्या त्या टाचणीएवढ्या भोकाची होती. बिराप्पा सुखरूप परत यावा म्हणून रोज पुटपुटत दाबलेल्या भंडाऱ्याची होती. अर्जुनाचा मघाचा सगळा आनंद विरून गेला. त्याला वाटलं, नसतं सापडलं तर बरं झालं असतं.

मेजरनं तार भोकातून आरपार केली, झाकण पुसून साफ केलं आणि घट्ट लावलं.

"मी गाडीचा मिस्त्री हाय," तो म्हणाला. "गाडी नीट झाली. घरी काय सांगायचं, ते तुजं तू ठरव."

आष्ट्यापर्यंत ट्रक एकदाही कुरकुरला नाही. मेंढरं उतरली, मेजर आपल्या रानात गेला, आणि अर्जुना एकटाच परत निघाला. सगळ्या वाटेनं तो आईशी बोलत होता. एकदा सगळं खरं सांगून टाकायचा. एकदा सांगायचा की नळी फुटली होती. खोटं बोलायचं तर ते आईला पटायला हवं, आणि वर्षभर तिला एकच गोष्ट पटलेली होती.

दिवस मावळताना तो वाडीत आला. बयाबाई दारात बसून कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं मान वर केली नाही.

"घावलं का?" तिनं कोकराला विचारावं तसं विचारलं.

"घावलं, आये."

"काय व्हतं?"

अर्जुनाचं लक्ष तिच्या अंगठ्याकडं गेलं. नखाच्या कडेला सकाळचा भंडारा अजून होता. सत्तरीच्या घरातली बाई. नवऱ्याच्या मागं तिच्याजवळ दोनच गोष्टी उरल्या होत्या, देवाचा भंडारा आणि लेकावरचा राग. खरं सांगितलं तर भंडाराच रागाचं कारण होणार होता. राग फिरून तिच्यावरच उलटला असता, आणि तो तिला जगू देणारा नव्हता. आपल्याला वर्षभर काय झालं, हे अर्जुनाला ठाऊक होतं. तो तरणा होता म्हणून निभावला.

"पंपच व्हता," तो म्हणाला. "त्योच, सांगलीचा जुना. त्याचा भुगा टाकीच्या नळीत बसला व्हता. आज मेजरनी काढला." आणि जे वाक्य वर्षभर त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, ते आता, खोटं झाल्यावर, सहज निघालं. "माजं चुकलं, आये. माज्यामुळं गेलं आबा."

कोकरू बाटली ओढत होतं. बयाबाईनं बाटली खाली ठेवली.

"येवढंच ऐकायचं व्हतं मला," ती म्हणाली. "वरीसभर तू त्या गाडीलाच इचारत बसलास. माज्याशी बोलला न्हाईस. मी काय तुला फासावर देनार व्हते व्हय रं? लेकरू हायेस माजं. चुकतंय मानसाचं." मग पदरानं तोंड पुसत ती आत ओरडली, "अपेक्षा, ताट कर गं. मी वाढते त्येला."

अर्जुना जेवला. ती समोर बसून वाढत होती, आणि त्यानं ताटात काही टाकलं नाही.

सकाळी पुन्हा मेंढरं चढली. बयाबाई वाटी घेऊन आली आणि सवयीनं टाकीकडं वळली. अर्जुना तिच्या आधी तिथं जाऊन आडवा उभा राहिला.

"आये, टाकीला नगं आता. गाडीचं काय, लोखंड ते. चालवनाऱ्याला लाव."

तिनं त्याच्याकडं बघितलं. नीट, पुरतं, वर्षानंतर पहिल्यांदाच. तो खाली वाकला. तिनं वाटीत अंगठा बुडवून त्याच्या कपाळावर दाबला, आणि दाबलेला बराच वेळ काढला नाही.

"जपून जा रं," ती म्हणाली.

ट्रक पुसेसावळीतून गेला, चढाला लागला. बाभळीची ओळ मागं पडली. मोरीही मागं पडायला आली. इंजिनानं एक आचका दिला नाही. अर्जुनानंच ब्रेक दाबला. मेंढरांबरोबर मागं बसलेला मेंढका ओरडला, "पडली का रं बंद?"

"न्हाई," अर्जुना ओरडला. "मीच थांबवली."

तो खाली उतरला. पुढच्या चाकाशी, जिथं बाप टेकून बसला होता, तिथं उकिडवा बसला. घाम सुटला होता आणि कपाळाचा भंडारा भुवईवर उतरत होता. त्यानं तो पुसला नाही.

"आबा," तो हळू म्हणाला, "कशानं काय झालं ते तुमाला ठावं हाय. मला बी ठावं हाय. आये आज ना उद्या तुमच्याकडं यील. तवा तिला सांगू नगा."

मग तो उठला, टाकीचं झाकण एकदा हातानं चाचपलं आणि गाडीत चढला.